चौदावी ओळ

खोडरबर मृदुलाच्या अंगठ्यात शिरला तो दिवस तसा साधाच होता. रविवार. ती आईकडे जेवायला गेली होती. जेवण उरकलं, टेबल पुसलं आणि तिने आईपुढे प्रश्नावली ठेवली.

मृदुला कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. म्हाताऱ्या माणसांच्या एकटेपणावर तिचं संशोधन चाललं होतं. वीस विधानं, प्रत्येकापुढे चार चौकोन: कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी. बाहेर वाटण्याआधी घरच्या माणसावर एकदा तपासून बघावी, एवढाच तिचा हेतू. आईने चष्मा पुसला, शाळेतल्या मुलीसारखा डावा हात कागदाला आडवा धरला आणि पेन्सिलीने एकेक खूण करत गेली.

चौदावं विधान होतं, ‘मी कोणालाच नको आहे असं मला वाटतं.’ आईची खूण शेवटच्या चौकोनात होती.

“आई, ओळ चुकलीस तू,” मृदुला म्हणाली. “खालची खूण वर आली.”

आईने आधी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “हो का? मग तू म्हणशील तिथं कर.”

मृदुलाने ती खूण खोडली आणि पहिल्या चौकोनात नवी केली. खोडून झालं तेव्हा खोडरबर तिच्या हातात नव्हता. उजव्या अंगठ्याचं पेर तेवढं पांढरं आणि मऊ झालं होतं.

“झाले का पास?” आईने विचारलं.

“पहिल्या नंबराने.”

आई हसली. टेबलावरचा खोडरबराचा चुरा तिने तळहातावर गोळा केला आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खुर्चीत बसल्या बसल्या गेली. गॅसवर दोन माणसांचा चहा होता. तो शेजारच्या काकूंनी बंद केला.

या दोन माणसांच्या चहाचं स्पष्टीकरण मृदुलाकडे बाबा गेले तेव्हापासून तयार होतं. तो नकार होता, बाबा गेल्याचं न मानणं. दुपारी तीन-तीनदा येणारा आईचा फोन ही विरहाची चिंता होती. आई सुतळीचे तुकडे डब्यात ठेवायची, त्यालाही पुस्तकात एक प्रकरण होतं. मन जड असलं की माणूस सारखे हात धुतो, हे तर ती दरवर्षी शिकवायची. म्हणून तिसऱ्या दिवशी माणसं गेल्यावर आपण घरातली सगळी भांडी घासायला काढली, याचं तिला नवल वाटलं नाही.

आईच्या प्रत्येक भांड्यावर तिचं नाव घातलेलं होतं. मृदुलाने पहिल्या पातेल्यावरून अंगठा फिरवला आणि नाव गेलं. तिथे गुळगुळीत स्टील राहिलं आणि मोरीत थोडा पांढरा चुरा पडला. तिने दुसरं पातेलं घेतलं. मग ताटं, वाट्या, पाण्याचा तांब्या. थांबायला हवं हे तिला कळत होतं. तिने सगळी भांडी घासली.

“नावं कुठं गेली गं?” शालन मावशीने ताट उजेडात धरून विचारलं. ती आईची धाकटी बहीण, दहा दिवस राहायला आली होती.

“झिजली असतील.”

“एका दुपारीत?”

मृदुलाने ताट फडताळात ठेवलं. फोटोला हार घालताना अंगठा काचेला लागला आणि आईच्या कपाळावरचं कुंकू पुसलं गेलं. नगरपालिकेत मृत्यूचा दाखला हातात घेतला, तर जिथे धरला होता तिथे तो कोरा झाला. कारकुनाने तो उलटापालटा करून पाहिला. “मॅडम, असा चालत नाही. नाव सांगा, पुन्हा लिहून देतो.”

मृदुलाला नाव आठवेना. तिने मावशीला फोन लावून आईचं नाव विचारलं.

“मी तिला अक्का म्हणायचे,” मावशी म्हणाली. “तुझे बाबा ‘अहो, ऐकलं का’ म्हणायचे. थांब, आठवेल.” ते आठवलं नाही.

“धक्क्यानंतर असं होतं,” संध्याकाळी मृदुलाने समजावलं. “मन काही गोष्टी दाबून टाकतं.”

“तुझ्याकडे सगळ्याला नाव आहे गं बाई,” मावशी म्हणाली. “तुझ्या आईलाच तेवढं उरलं नाही.” मग तिने एक छोटा डबा पुढे केला. “आणि हे काय? देवघरात होतं, कुंकवाच्या करंड्याजवळ.”

डब्यात खोडरबराचा चुरा होता. चिमूटभर, शिशाने करडा झालेला. मृदुलाने झाकण लावलं आणि हात पाठीमागे घेतला.

दहाव्याला नदीकाठी मृदुलाच बसली, दुसरं कोणी नव्हतंच. गुरुजींनी तिच्या उजव्या तळहातावर तीळ ठेवले, वर पाणी घातलं.

“आता आईचं नाव घ्यायचं आणि पाणी अंगठ्यावरून सोडायचं.”

“बोटांवरून नाही चालणार?”

“बोटांवरून देवांना. गेलेल्या माणसाला अंगठ्यावरूनच.”

तिने मावशीकडे पाहिलं. मावशीचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. मांडलेल्या फोटोत आता नुसती साडी होती आणि साडीच्या वर भिंतीचा रंग.

“गुरुजी, नाव आठवत नाही. याला कारण आहे, अपराधी भावनेमुळे स्मरण...”

“ताई, कारण नको. नाव सांगा.”

मागे दुसरी माणसं खोळंबली होती. कोणीतरी घसा खाकरला. मृदुलाने हात घट्ट सपाट धरला, तरी तळहात आपणहून अंगठ्याकडे कलत होता. पाणी करडं झालं होतं, पेन्सिलीच्या रेघेसारखं, आणि तीळ एकामागून एक कडेला सरकत होते.

“काहीतरी बोल गं,” मावशी म्हणाली.

पाणी पेरापर्यंत आलं.

“तू ओळ चुकली नव्हतीस, आई,” मृदुला मोठ्याने म्हणाली. “मला तेव्हाच दिसलं होतं.”