न हलणारा ठिपका

गोदूबाई संगणकासमोरून हलायला तयार नव्हती. पडद्यावर खाडीचा नकाशा होता आणि त्यावर एक लाल ठिपका. तिच्या लेखी तो ठिपका म्हणजे तिचा धाकटा, लडकू. अंजूरच्या खालच्या शेतांत पुरात अडकलेल्यांना आणायला तो सकाळी होडी घेऊन गेला होता. एक खेप आणली, दुसरीला निघाला आणि त्याचा मोबाईल बंद पडला.

थोरला धनेश हौशी रेडिओवाला. काल्हेरच्या त्यांच्या गोदामाच्या गच्चीवर त्याने अँटेना उभारली, तेव्हा कपडे वाळत घालायची सोय झाली म्हणून भाऊबंदांनी चिडवलं होतं. लडकूच्या होडीत त्याने एक लहानसं यंत्र बसवलं होतं. ते उपग्रहांवरून आपली जागा ओळखून रेडिओवर सांगायचं. धनेशचं स्टेशन ते ऐकून इंटरनेटवर चढवायचं, की कुणालाही ती जागा नकाशावर दिसे. ठाण्याच्या मदतकेंद्रात रेडिओवर बसलेली करिष्माही तोच ठिपका पाहत होती. बचावाची बोट तिकडेच निघाली होती.

धनेश मात्र ठिपक्याकडे नाही, आकड्यांकडे बघत होता. दर मिनिटाला नवा संदेश येत होता, पण आकडे तेच, अगदी शेवटच्या अंकापर्यंत तेच. असं कधी होत नाही. यंत्र खुंटीला टांगून ठेवलं तरी शेवटचा अंक चुळबुळत राहतो. म्हणजे यंत्राला उपग्रह दिसतच नव्हते, ते जुनी जागा घोकत बसलं होतं. आणि ही घोकायची सोय त्याचीच. झाडाआड ठिपका नाहीसा झाला की आईचा जीव टांगणीला लागायचा, म्हणून त्यानेच ती करून ठेवली होती. आता त्याला स्वतःचीच चीड आली.

ओहोटी लागली होती. इंजिन बंद पडलं असेल तर होडी कुठच्या कुठे गेली असणार. तो हातातला रेडिओ घेऊन गच्चीवर धावला आणि लांब अँटेना हाताने फिरवत राहिला. अंजूरच्या दिशेला होडीतल्या यंत्राचा आवाज क्षीण. पार डावीकडे, गायमुखाच्या बाजूला वळवली तसा तो खणखणीत झाला. लडकू तिकडे होता.

खाली येऊन त्याने रेडिओवरून करिष्माला सगळं सांगितलं. तिला पटलं. पण मदतकेंद्राचे साहेब ऐकेनात. मिनिटामिनिटाला ताजी खबर येतेय, ती सोडून अंदाजावर एकुलती एक बोट कशी वळवू, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांचंही काही चुकत नव्हतं. ती ताजी खबर धनेशच तर पाठवत होता.

इंटरनेट ज्यातून चालायचं ती टेलिफोनची तार उपटायला त्याने हात घातला. गोदूबाईने मनगट धरलं.

"तो ठिपका हाय तवर माझा पोर हाय," ती म्हणाली. "पुसू नको रं."

"आये, तो तिथं न्हाय."

तिची पकड सुटेना. धनेशने दुसऱ्या हाताने तार ओढली. मनगटावर तिची नखं रुतली होती. आपण चुकलो असू तर या घरात पुन्हा तोंड दाखवता येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. खबर थांबली आणि थोड्या वेळाने पडद्यावरचा ठिपका करडा पडला. गोदूबाईने डोळे मिटून घेतले.

"दादा, इथे साहेब विचारतायत, आता बोट कुठे पाठवायची?" करिष्माचा आवाज आला.

"गायमुख," धनेश म्हणाला.

मग नुसती खरखर. बऱ्याच वेळाने करिष्मा बोलली. होडी नुकतीच उलटली होती, पण लडकू खारफुटीच्या फांद्यांना धरून होता. जिवंत होता, पाणी मागत होता.

धनेशला रडू फुटलं. गोदूबाई उठली, पदराने त्याच्या मनगटावरचं रक्त पुसू लागली.

"खोटा ठिपका मला पुन्हा दावू नको," ती म्हणाली. "दिसत नसला तर नसला. मी बसंन वाट बघत."