फुली दिसली की थांबायचं

मी बटणाची डबी बोलतेय. ब्रिस्बेनच्या एका संशोधन केंद्रात मेंदूचे फोटो काढायचं अवाढव्य मशीन आहे, त्याच्या वायरीला लटकलेली असते ती मी. मशीनला सगळे घाबरतात. मला बघून मात्र विचारतात, ही साबणाची डबी कशाला? मशीनला लोखंड चालत नाही, म्हणून मी नुसती प्लास्टिकची. रूपाचं म्हणाल तर तेवढंच.

काम सोपं. जुळी मुलं येतात, आधी नळीत थुंकी देतात, मग मला मुठीत धरून मशीनमध्ये आडवी होतात. समोर बाण दिसला की मला पटकन दाबायचं. बाणावर लाल फुली आली तर हात आवरायचा. आईबापांकडून आलेल्या जनुकांतल्या बारीक फरकामुळे कुणाचा मेंदू ब्रेक लवकर लावतो, कुणाचा उशिरा, ते इथे शोधतात.

फ्रॅन आणि जॉर्जी आल्या तेव्हा चौदा वर्षांच्या होत्या. दिसायला एक, अंगठेही सारखेच. फुली दिसली तरी मला बडवायच्या आणि आत पडल्यापडल्या खिदळायच्या. मशीन चालवणारी मरी वैतागली.

"तुमचे ब्रेक गेलेत गं."

"होते कधी?" फ्रॅन म्हणाली.

दोन वर्षांनी पुन्हा बोलावतात. जॉर्जी एकटीच आली.

मला हातात घेऊन तिनेच सांगितलं. सुट्टीत दोघी डोहावर गेल्या होत्या. पाणी उतरलंय हे न बघताच फ्रॅनने खडकावरून उडी मारली.

"मी काही शहाणी म्हणून थांबले नाही," जॉर्जी म्हणाली. "केस बांधत होते. नाहीतर मीच आधी उडी मारली असती. मरी, जे तिच्यात होतं तेच माझ्यात आहे ना? मी पण अशीच जाणार का?"

एरवी चेष्टा करणारी मरी खुर्ची ओढून बसली. म्हणाली, एकटीदुकटीचं इथून काही सांगता येत नाही. हजारो मुलं एकत्र मोजली की कुठे केसाएवढा फरक दिसतो. बाकी वय असतं, सोबत असते, तो दिवस असतो.

"मग मोजता कशाला?"

मरीने उगाच माझी वायर सरळ केली.

जॉर्जी आत आडवी झाली. बाण आला. अंगठा माझ्यावर टेकला, पण दाबेना. फुली येईल म्हणून वाट बघत राहिला. फुली नव्हतीच. पुढच्या बाणालाही तेच. पटापट दाब, चुकलं तरी चालतं, असं मरी माइकवरून सांगत होती.

"मला नाही चालत," आतून आवाज आला.

असं थांबून थांबून दाबलं की मोजमाप फुकट जातं. जॉर्जीची चाचणी बाद झाली.

आता मला तडा गेलाय. नवी डबी आलीये, मी खणात पडून असते. जॉर्जी, कधी इकडे आलीस तर मला बाहेर काढ आणि फुली दिसली तरी जोरात दाब. माझ्यापाशी चुकलं तर कुणी मरत नाही गं.