पदराच्या गाठीतली डबी

सिस्टर इमेल्दा डबी मागायला आल्या तेव्हा सुलेखाला जाऊन सहा दिवस झाले होते. जलदान विधी आदल्या दिवशीच उरकला होता. मुलगी मेघा सकाळच्या गाडीनं पुण्याला परत गेली होती. मांडववाल्याची माणसं अंगणातल्या खुर्च्या टेम्पोत रचत होती आणि मी पायरीवर बसून ते बघत होतो.

सुलेखा, माझी बायको, छावणीतल्या सिस्टरांच्या कॉन्व्हेंटमध्ये बावीस वर्षं कामाला होती. कपडे धुवायचे आणि इस्त्री करायची. तिथल्या चॅपलमध्ये वेदीवर पांढरी कापडं अंथरतात, ती तिच्याच हातची लागायची. आम्ही बौद्ध. तिथं तिला कोणी धर्माबद्दल काही विचारलं नाही आणि तिनंही त्यांना काही विचारलं नाही.

सिस्टर इमेल्दा श्रीरामपूरकडच्या, वय पन्नाशीचं. मी खुर्ची मागवली, तर म्हणाल्या नको. उभ्या राहूनच बोलल्या.

"पुंडलिकभाऊ, स्मशानात विचारणं बरं दिसलं नसतं. म्हणून आज आले. दवाखान्यात मी सुलेखाताईंच्या हातात एक डबी दिली होती. पितळेची, वरून काच."

"व्हय. रुपयाएवढी."

"तीच. ती परत न्यायची होती."

मी म्हणालो, "ती गेली तिच्याबरोबर."

त्यांना कळलं नाही. मग मी सांगितलं, पदराच्या गाठीत बांधली होती म्हणून. तेव्हा सिस्टर पायरीवर बसल्या, माझ्यापासून दोन हातांवर. टेम्पो निघून गेला.

झालं होतं असं. सुलेखा घाटी दवाखान्यात अकरा दिवस होती. दुसऱ्या दिवशी मी चहा घेऊन वर आलो, तर तिच्या मुठीत ती डबी दिसली. मी विचारलं, हे काय गं? ती म्हणाली, राहू द्या, हाताला गार लागतं. मला वाटलं, इतक्या वर्षांच्या कामाचं सिस्टरांनी काहीतरी दिलं असेल. पुढं मी विचारलं नाही. औषधाच्या चिठ्ठ्या, रक्ताची पिशवी, यातच दिवस जायचा. ती झोपली तरी मूठ सोडत नव्हती. नर्सला सुई लावायची असली की दुसरा हात द्यायची.

ती गेल्यावर घरी आणलं, तेव्हा द्वारकाआक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं, तिच्या अंगावरचं सगळं काढलं. बांगड्या, कानातलं. मूठ उघडून डबी माझ्या हातात दिली. पांढरी साडी नेसवून झाली होती. मी पदराचं टोक घेतलं, डबी आत ठेवली आणि गाठ मारली. सुलेखा जन्मभर घराची किल्ली तिथंच बांधायची. तेव्हा मी याहून जास्त विचार केला नव्हता.

"त्यात काय होतं?" मी सिस्टरना विचारलं.

"हाडाचा कण. आमच्या एका संतांच्या हाडाचा."

त्यांनी नाव सांगितलं. ते मला आजही नीट म्हणता येत नाही. इटलीतली बाई, दीडशे वर्षांपूर्वीची. आजाऱ्यांचं करायची, त्यातच आजार लागून गेली. तिच्याच नावानं हा संघ चालतो. तिच्या हाडाचे बारीक कण जगभरच्या कॉन्व्हेंटांना दिलेले आहेत. इथं एकच होता.

द्वारकाआक्का चहा घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. "हाड? माणसाचं? अन तुम्ही ते पूजेला ठेवता?"

"पूजा नाही, आक्का. पूजा देवाची. हा मान. त्या बाईचा देह देवाच्या कामी आला, म्हणून त्या देहाचा मान." सिस्टरनी मग समजावून सांगितलं. अवशेषांचे तीन वर्ग असतात. पहिला म्हणजे संताच्या देहाचाच भाग. दुसरा म्हणजे त्यानं वापरलेली वस्तू, कपडा, पुस्तक. तिसरा म्हणजे पहिल्याला टेकवलेलं कापड वगैरे.

आक्का म्हणाली, "मंग मी कोन्त्या वर्गातली? तीस वर्सं भावजयीच्या हातचं खाल्लंय."

सिस्टर हसल्या. त्या आल्यापासून पहिल्यांदाच. मग डोळे पुसले.

मला यात नवल वाटलं नाही. अस्थी आपल्यातही जपतात. बुद्धाच्या अस्थींवर तर स्तूप बांधले. बाबासाहेबांच्या अस्थींच्या दर्शनाला मी आणि सुलेखा रांगेत उभे राहिलो होतो, तिनं नवी चप्पल घातली होती आणि ती चावत होती. मी सिस्टरना एवढंच म्हणालो, "ती बरी झाली नाही."

"नाही झाल्या."

"मग दिली कशाला?"

"त्यांना एकटं वाटू नये म्हणून. तुम्ही खाली औषधाच्या रांगेत असायचात." मग म्हणाल्या, "मी मदर सुपीरियरना न विचारता आणली होती, भाऊ. एका दिवसापुरती. दुसऱ्या दिवशी न्यायला आले, तर ताईंनी मूठ सोडली नाही. मग मला मागवेना. मदर महिनाभर बाहेर आहेत. त्या यायच्या आत मला काहीतरी सांगावं लागेल."

जाताना त्यांनी विचारलं, अस्थी कुठं आहेत. मी म्हणालो, घरात, कपाटावर, स्टीलच्या डब्यात. नदीत सोडायच्या नव्हत्या. सुलेखानं आधीच सांगून ठेवलं होतं. देवगाव रंगारीला आमचं दोन एकर रान आहे. तिथं बांधावर तिनं लावलेलं सीताफळाचं झाड आहे. त्याच्या बुडाशी घाला म्हणाली होती. आठवड्यानं जायचं ठरलं होतं.

"तेवढं थोडं थांबाल का?" सिस्टर म्हणाल्या. "एकदा बघाल का, काही सापडतं का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर मी डबा खाली घेतला. वाळूजच्या कंपनीत मी एकोणतीस वर्षं तपासणी विभागात होतो. पार्ट गेजमध्ये, म्हणजे मापाच्या साच्यात, बसतो की नाही ते बघायचं, बसला तर पुढं, नाही बसला तर लाल खोक्यात. ते काम मला येतं. जमिनीवर पांढरी चादर अंथरली, स्वयंपाकघरातली पिठाची चाळणी घेतली, चष्मा लावला. राख एकीकडं, बारीक कण एकीकडं, मोठी हाडं एकीकडं. पंखा बंद ठेवला.

आक्का दारात उभी होती. "चाळणी पुन्हा पिठाला घेऊ नको म्हंजे झालं."

पितळ सापडलं. हरभऱ्याएवढा वाकडा गोळा, त्याला काच वितळून चिकटलेली. डबीतलं बाकी काही उरलं नव्हतं. सिस्टर म्हणाल्या होत्या, कण तांदळाच्या कणीएवढा होता, लाल कापडावर शिवलेला. तांदळाच्या कणीएवढे कण मी वेगळे काढले. चाळीसपर्यंत गेलो आणि सोडून दिलं. सगळे सारखे होते. पांढरे, काही करडे. त्यातलं सुलेखाचं कोणतं आणि त्या बाईचं कोणतं, ते सांगायला कोणतंही गेज नव्हतं.

मी तिथंच बसलो. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. पाय सुन्न झाला होता, तेवढं जाणवलं.

"ऐक माझं," आक्का खाली बसत म्हणाली. "यातली एक कणी दे त्यान्ला अन मोकळा हो. लई बघत बसू नको. कुनाला काय कळतंय? त्या सिस्टरवरचं बालंट टळंल अन आपली बाई आपल्या रानात जाईल."

"अन ती कणी सुलेखाची निघाली तर?"

"निघू दे की. बावीस वर्सं त्यांच्या देवाची कापडं इस्त्री केली तिनं. पडू दे त्यान्ला तिच्या पाया."

मला ते पटलं. खरंच पटलं. त्यात कुणाचं नुकसान दिसत नव्हतं. मी सगळ्यांत पांढरी कणी निवडली, सुलेखाच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत टाकली आणि बाकीचं परत डब्यात भरलं.

गुरुवारी कॉन्व्हेंटमध्ये गेलो. बावीस वर्षं तिला गेटपर्यंत सोडलं होतं, आत पहिल्यांदाच जात होतो. सिस्टर इमेल्दा मला चॅपलमध्ये घेऊन गेल्या. लहानशी खोली, बाकं, पुढं वेदी. वेदीवरच्या कापडाला घडीच्या जागी चुण्या पडल्या होत्या. सुलेखानं ते तसं ठेवलं नसतं.

बाजूला भिंतीत एक कोनाडा होता. त्यात लाकडी उभा क्रूस, मधोमध गोल खाच. खाच रिकामी. दर गुरुवारी दवाखान्यातल्या रुग्णांच्या बायका येतात, सिस्टरनी हळू आवाजात सांगितलं. फादर डबी हातात घेऊन प्रत्येकीसमोर धरतात, त्या तिला हात लावतात, काही जणी ओठ टेकवतात. आत्ताही एक बाई गुडघ्यांवर बसली होती. डोक्यावर पदर, शेजारी जेवणाचा डबा. रिकाम्या खाचेकडं बघत होती.

"त्यांना माहीत आहे, डबी नाही ते?" मी विचारलं.

"साफसफाईला काढली आहे, असं सगळ्यांना सांगितलंय मी, फादरांनाही." सिस्टरनी मान खाली घातली. "ते खोटं मला रोज सांगावं लागतंय."

आम्ही बाहेर व्हरांड्यात आलो. मी पितळेचा गोळा दिला. त्यांनी तो ओळखला. मग मी बाटली काढून कणी त्यांच्या रुमालावर ठेवली. काही बोललो नाही. बोलायची गरजच नव्हती. त्यांनी दुसऱ्या हातानं क्रूसाची खूण केली आणि रुमाल वर उचलला, ओठांपर्यंत.

"थांबा, सिस्टर."

त्या थांबल्या.

"हे तेच आहे असं मला सांगता येत नाही. असे पुष्कळ आहेत डब्यात. बहुतेक हे सुलेखाचंच असेल."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग रुमालाकडं. रागावल्या नाहीत. रुमाल लगेच खालीही केला नाही. मग कणी अलगद बाटलीत परत टाकली, झाकण लावलं आणि बाटली माझ्या हातात दिली.

"मग ते तुमच्याकडं हवं," त्या म्हणाल्या. "खात्री नसेल तर आम्ही लोकांसमोर ठेवू शकत नाही. डबीला मागून लाल दोरा आणि लाखेची मोहर असते, सोबत कागद असतो. मोहर तुटली की ते दर्शनाला चालत नाही."

हे मला लगेच समजलं. आमच्याकडंही मालाबरोबर सर्टिफिकेट यायचं. सील तुटलेला माल मी कधी पास केला नाही.

फादरांना आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. सिस्टरनी स्वतःचं काही लपवलं नाही, विचारल्याशिवाय नेली, बायकांना खोटं सांगितलं, सगळं. फादर म्हातारे होते, त्यांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, जाळून मारलेल्या संतांची राखही लोकांनी जपली आहे, त्यामुळं जळलं म्हणून संपलं असं नाही. कण त्या डब्यात आहे, म्हणजे तो सगळा डबा आदरानं ठेवायला हवा. त्यांच्या रीतीप्रमाणं अशी गोष्ट पवित्र केलेल्या जमिनीत पुरतात. सिस्टरांच्या कबरस्तानात जागा आहे.

"सगळा डबा?" मी विचारलं.

"वेगळं करता येत नाही म्हणता ना."

"तिनं सीताफळाचं झाड सांगितलंय."

फादरांनी डोळे उघडले. मग म्हणाले, "बाई तुमची आहे. तिच्यावर माझा हक्क नाही. पण कणावर माझा एकट्याचाही नाही. इटलीला विचारावं लागेल. तिकडून परवानगी आली तर मी स्वतः देवगावला येऊन ती जागा आशीर्वादित करीन. तुम्हाला चालत असेल तर."

मी म्हणालो, आमच्या भंतेजींना विचारावं लागेल. फादर म्हणाले, जरूर विचारा. सिस्टर म्हणाल्या, पत्र मीच लिहिते, चूक माझी आहे. मी म्हणालो, गाठ मी मारली.

मेघाला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "पप्पा, मम्मीला त्यांच्या कबरस्तानात नाही हं ठेवायचं." मी म्हणालो, नाही ठेवत. ती म्हणाली, "मग थांबलात कशाला? या रविवारी मी येते, जाऊ देवगावला." मी म्हणालो, सिस्टरना थांबतो म्हणालोय. तिला ते आवडलं नाही. भंतेजींनी मात्र सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, थांबायला हरकत नाही.

मदर सुपीरियर आल्यावर सिस्टर इमेल्दांनी त्यांना सगळं सांगितलं. आता सिस्टर दर गुरुवारी कोनाड्याजवळ उभ्या राहतात आणि येणाऱ्या बायकांना डबी आपल्या हातून गेल्याचं स्वतः सांगतात. बायका तरीही बसतात म्हणे. वेदीची कापडं आता दुसरी बाई इस्त्री करते.

पत्र जाऊन चार महिने झाले. मी दर महिन्याला विचारायला जातो. सिस्टर गेटवरच मान हलवतात, मग आत बोलावून चहा देतात. सुलेखाबद्दल आम्ही फार बोलत नाही. एकदा त्या म्हणाल्या, ताई कापड पालथं करूनच इस्त्री करायच्या, वरून कधी नाही. घरी माझा सदरा पण ती तसाच करत असणार. मला ते माहीत नव्हतं, मी कधी बघितलंच नव्हतं.

आक्का अजून म्हणते, दिली असती कणी तर आतापर्यंत सगळं झालं असतं. झालं असतं हे खरं आहे.

देवगावला मी सीताफळाच्या बुडाशी हातभर खड्डा खणून ठेवला होता. मागच्या खेपेला गेलो तेव्हा तो पावसानं निम्मा बुजला होता. पुन्हा उपसला आणि वर पत्रा टाकून आलो. डबा कपाटावर आहे, बाटली त्याच्या शेजारी. पत्राचं उत्तर आलेलं नाही. सुलेखाला मातीत घालायचं राहिलं आहे.