मोहाच्या बिया

भागिरथाने गंजावरचं झाकण उचललं आणि मोठ्या कौतुकाने नवऱ्याला म्हणाली, "पाहा, तुमी तापानं पडले होते तं मीच केलं सारं. कढतं पानी टाकलं, रातभर भिजू देल्लं. तुमी बाभयीच्या बियाले करता तसंच."

उकंडरावाने गंजातल्या मोहाच्या फुगलेल्या बिया पाहिल्या. बाभळीचं बी म्हणजे दगड. त्याला उकळतं पाणी लागतं, तेव्हा कुठे ते कवच सोडतं. मोहाचं तसं नव्हे हो! ते ताजं ताजंच मातीत जायला हवं. उकळत्या पाण्यात काय, शिजणारच. त्याने एक बी नखाने सोललं. आतला गर उकडलेल्या शेंगदाण्यासारखा मऊ झाला होता.

जन्मभर त्याने बियांपासून झाडंच वाढवली. हिवर, बाभूळ, बेहडा. लोक येडा म्हणायचे, आणि त्याच लोकांच्या विहिरींना त्याच्या नाल्याकाठच्या झाडांमुळे उन्हाळ्यात पाणी टिकायचं. पण या बिया ज्याच्या, तो मोह त्याच्या आजाच्या वेळचा. त्या झाडाच्या बुडाशी उकंडराव-भागिरथाची पहिली लेक पुरलेली, बारशाच्या आधीच गेलेली. तिचं नाव नाही, फोटो नाही. मोह तेवढा होता.

या उन्हाळ्यात रस्ता रुंद करायला यंत्र आलं आणि मोह आडवा झाला. बुंध्याच्या जागी डांबर पडलं. उकंडरावाने ड्रायव्हरच्या हातापाया पडून फांद्यांवरची फळं तेवढी वेचून आणली. बिया काढल्या त्याच दिवशी तापाने त्याला खाटेवर पाडलं आणि अनसिंगच्या डॉक्टरने उठायला बंदी केली.

आता काय राहिलं? काहीच राहिलं नाही. गंज उचलून नाल्यात भिरकावावा असं त्याला वाटलं. बाई गं, विचारायचं तरी! पण विचारणार कोणाला, तो तर तापात बरळत होता. कुडाच्या कडेने तिने माती भरून ठेवलेल्या पिशव्या त्याला दिसल्या. शेणखत कालवून तिच्या नखांत काळं बसलं होतं.

"बोलत काहून नाई? चुकलं का माह्यं काही?"

"नाई," तो म्हणाला. "बरोबर केलं तू."

"मंग उगवतीन ना?"

"उगवतीन. मोहाले येळ लागते."

तिचा जीव भांड्यात पडला. गंजातलं सगळ्यात टपोरं बी निवडून तिने कपाळाला लावलं. "हे अंगनात लावू," ती म्हणाली. "माही पोरगी घराजवळ राहीन."

इतक्या वर्षांत त्या पोरीचा विषय तिने कधी काढला नव्हता. उकंडरावाला समोरचं धड दिसेना. त्याने पिशवीतल्या मातीत बोटाने भोक पाडलं, तिने बी ठेवलं, त्याने वरून भुसभुशीत माती लोटली. भागिरथाने तांब्या वाकडा केला.

"हळू टाक," तो म्हणाला. "बी उघडं पडते."