भंगाचा गुरुवार

मित्रांनो, मी चिनी पंचांगाची एक जुनी पोथी आहे. जुनी म्हणजे गेल्याच वर्षाची. पण पंचांगाला म्हातारपण वर्षभरातच येते.

हाँगकाँगच्या एका छापखान्यात माझी पाने शिवली, कोपऱ्यात लाल दोरा ओवला आणि लिनआजींच्या बॅगेतून मी कतारला, मेसईदच्या कंपनी वसाहतीत आले. त्यांचा मुलगा तिथल्या कारखान्यात इंजिनिअर. स्वयंपाकघरातल्या खिळ्यावर माझी जागा होती. माझ्यातल्या प्रत्येक दिवसाला नाव असते. कुणी ‘उघड’, कुणी ‘बंद’, कुणी ‘भंग’. नावाखाली दोन ओळी: आज काय करावे, काय टाळावे. केस कापायचे असोत की पलंग हलवायचा असो, लिनआजी आधी मला विचारत. मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

शेजारच्या शैलजाताई नाशिकच्या. त्यांच्याही भिंतीवर पंचांग होते, म्हणून त्या माझ्याकडे आपुलकीने बघत. डिसेंबरात त्यांच्या मूतखड्याची शस्त्रक्रिया ठरली, गुरुवारी. सोमवारी त्या मुलीला, नुपूरला घेऊन आमच्याकडे आल्या. लिनआजी चहा करत होत्या. नुपूरने सहज भाषांतराचे ॲप उघडून माझ्यावर मोबाइल धरला.

“आई, थर्सडेला लिहिलंय... ब्रेक. ब्रेक डे.”

“भंग?” शैलजाताईंचा चेहरा उतरला. “मी तारीख पुढे ढकलते, बाई.” मराठीतले हे बोलणे लिनआजींना कळले नाही, आणि चहा न घेताच शैलजाताई निघून गेल्या.

पुढची तारीख सहा आठवड्यांनी मिळणार होती. मूत्रपिंड तेवढे थांबणार नाही, असे डॉक्टरांनी बजावले होते. माझ्या एका अक्षराने हे केले होते, आणि मला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी नुपूर धावत आली. “आंटी, मम्मी ऑपरेशन कॅन्सल करतेय. त्या ब्रेकमुळे!”

लिनआजींनी मला खिळ्यावरून काढले आणि अनवाणीच शेजारी गेल्या.

“नाव वाचलं. खालची ओळ नाही वाचली,” त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. त्यांचे बोट माझ्यावरून सरकू लागले. “भंग. लग्न नको. दुकान उघडणं नको. जुनी भिंत पाडायला चांगला. आजारावर इलाज करायला चांगला.”

शैलजाताई बघतच राहिल्या. मग त्यांना हसू फुटले. “म्हणजे माझा खडा फोडायला हाच दिवस!”

“आणि ही ओळ नसती तर?” नुपूरने हळूच विचारले.

लिनआजींनी मला मिटले. “तरी ‘जा’ म्हटलं असतं. दिवस डॉक्टरांनी दिलाय.”

मित्रांनो, मला त्याचा राग आला नाही. उलट हायसे वाटले. एवढे ओझे एकट्या कागदाने कसे पेलावे?

गुरुवारी खडा फुटला. आठवड्याने शैलजाताई हिंडूफिरू लागल्या.

नव्या वर्षी खिळ्यावर नवी पोथी आली आणि मी नुपूरकडे गेले. ती लिनआजींना एकेक शब्द विचारते आणि माझ्या अक्षरांखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहिते. ‘इलाज’मधला ‘इ’ तिने दीर्घ लिहिला आहे. असू दे.

मला जपून ठेवा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. पण परक्या भाषेतल्या एखाद्या शब्दाने भीती वाटली, तर तो शब्द ज्याच्या घरचा असेल, त्याचे दार आधी वाजवा.