पाटावरची पक्कड

त्या दिव्याच्या बांगडीला पूजेच्या पाटावर कोणी चढवलं, हे जानकीबाई सकाळपासून सगळ्यांना विचारत होत्या. सुनेला विचारून झालं, फुलवालीला विचारून झालं, धारहून लेकीचा, जयाचा, फोन आला तर तिलाही विचारलं. ज्यानं चढवली त्या नातवाला, रणवीरला, मात्र विचारलं नव्हतं. त्याच्याशी त्यांचा चार दिवस अबोला होता.

देवासच्या त्या घरात खंडेनवमीला हत्यारं पुजायची रीत होती. मधोमध घराण्याची तलवार, आणि तिच्या शेजारी घरात जो कमावतो त्याचं हत्यार. हात जोडले की दसरा उजाडेपर्यंत त्यातलं काही उचलायचं नाही. पन्नास वर्षं जानकीबाईंनी हा नियम पाळला होता आणि दुसऱ्यांकडून त्याहून कडक पाळून घेतला होता. सुनेची, अल्पनाची, शिवणाची कात्रीसुद्धा त्या दिवशी पाटावर असे, मग पदर फाटो की परकर.

रणवीर वीज कंपनीत लाइनमन. त्याचे आजोबा खंडोजीही लाइनमनच होते, त्यांचीच पक्कड तो वापरायचा. मुठींवर सायकलची ट्यूब गुंडाळलेली, जडशीळ, जुनी पक्कड. पण यंदा त्यानं पाटावर पक्कड ठेवलीच नाही. ठेवली ती रील काढायची रिंग लाइट, बॅटरीवर चालणारी गोल दिव्याची बांगडी, आणि तिची तिपाई. का, तर दसरा झाला की तो राजीनामा देणार होता. कागद लिहून खिशात तयार होता. फेटा बांधून, तलवार धरून, 'मालवे का मराठा सरदार' म्हणून तो मोबाईलवर बोलायचा आणि तीन लाख लोक ते बघायचे. जया तर कौतुकानं सांगत होती, धारमध्ये आमची अख्खी गल्ली बघते.

"गल्लीत लाइट गेली की मग कोणाला बघते?" एवढं विचारून जानकीबाईंनी फोन सुनेच्या हातात दिला होता.

पण रणवीरला तोंडावर बोलायला त्या कचरत होत्या. पणजोबांच्या बापाच्या सरदारकीच्या गोष्टी त्याला लहानपणी सांगितल्या कोणी? त्यांनीच. त्या गोष्टींत काय किती खरं होतं, ते त्यांच्याशिवाय आता कोणाला ठाऊक नव्हतं. मग त्यांनी बोलायच्या ऐवजी करून दाखवलं. स्कूटरच्या डिकीतून पक्कड काढली, पदरानं पुसली, हळदकुंकू लावलं आणि तलवारीला खेटून ठेवून दिली.

सातच्या सुमाराला रणवीर फेटा बांधून लाइव्हच्या तयारीत बसला आणि त्याच वेळी त्याच्या साहेबांचा फोन आला. सात किलोमीटरवरच्या खेड्यात वडाची फांदी पडून तार तुटली होती. गाव अंधारात होतं ते होतंच, पण तिथल्या आरोग्य उपकेंद्रात एक बाई अडली होती आणि नर्सबाई मोबाईलच्या उजेडात काम करत होत्या. जोडीदार लाइनमन सणाला आपल्या गावी, पीपलरावांला, गेलेला. रणवीरची सुट्टी होती हे साहेबांना माहीत होतं, म्हणून ते हुकूम देत नव्हते, विचारत होते.

रणवीरनं मोबाईलकडं बघितलं. लोक जमायला लागले होते. मग त्यानं पाटाकडं बघितलं.

"सर, जाता तो," तो म्हणाला, "लेकिन पक्कड पूजेत आहे. कल सुबह तक हात नाही लावायचा. आमच्या आजीचा नियम आहे, वो नहीं मानेगी."

जानकीबाई दारातच उभ्या होत्या. आपला पन्नास वर्षांचा नियम कोणाच्या तरी बाळंतपणाच्या आड असा ठेवलेला त्यांनी ऐकला, आणि ठेवायला पक्कड आपणच पुरवली हेही त्यांना कळलं. त्या पाटाजवळ गेल्या, वाकल्या, तलवारीवरचा झेंडू बाजूला सारला आणि पक्कड उचलली. अल्पनानं हातातलं निरांजन खाली ठेवलं. सासूबाई नवमीला पूजा झाल्यावर पाटावरचं काही उचलतात, हे तिनं कधी पाहिलं नव्हतं.

"घे," अबोला मोडून जानकीबाई म्हणाल्या. "देवीला मी सांगते काय सांगायचं ते. आणि ती बांगडीही ने. तिलाही एकदा काम पडू दे."

तो फेट्यासकट निघाला. वाटेत कुठंतरी काढला असेल.

तो परतला तेव्हा दसरा उजाडला होता. शर्टाला काळं लागलेलं, कोपर सोललेलं. पायरीवर बसून चहा पिता पिता तो सांगत होता. त्यानं गेल्या गेल्या आधी बांगडी उपकेंद्रात देऊन टाकली, नर्सबाईंनी ती खिडकीच्या गजाला टांगली. मग लाइन बंद करवली, खांबावर चढायचं परमिट घेतलं, गावातल्या चार जणांनी फांदी ओढली, तो खांबावर चढला. तार जोडून खाली आला, पुरवठा सुरू झाला, आणि उपकेंद्रातून सगळ्या बाया एकदम ओरडल्या, "आ गई, आ गई."

"मला वाटलं लाइट," रणवीर म्हणाला. "तर पोरगी."

बांगडी कुठाय, असं अल्पनानं विचारलं. राहिली तिकडंच, तो म्हणाला. नर्सबाई म्हणाल्या, 'भिया, दो-चार दिन रहने दो', तिथला इन्व्हर्टर सुधरेपर्यंत. हो म्हणालो. आणि कालच्या लाइव्हचं? ते त्यालाच आत्ता आठवलं.

त्यानं पक्कड धुतली, पुसली आणि आजीपुढं धरली. परत पाटावर ठेवू का, असं विचारायचं त्याच्या ओठांवर होतं. खिशातून राजीनाम्याच्या कागदाचं टोक बाहेर आलं होतं, घामानं मऊ झालेलं.

जानकीबाईंनी पक्कड हातात घेतली. खंडोजी थंडीत हातावर फुंकर मारत याच पायरीवर बसायचे.

"बस इथं," त्या म्हणाल्या. "पणजोबांचे वडील सरदार नव्हते. मशालजी होते. देवास संस्थानच्या धाकट्या पातीच्या महाराजांची स्वारी निघाली की पुढं मशाल घेऊन चालायचे. तलवार एका लग्नात मानाची मिळाली, तिनं कधी काकडीसुद्धा कापली नाही. लग्न होऊन आले तेव्हा मला लाज वाटली, म्हणून मीच त्यांना सरदार केलं. चूक माझी. पण काल त्या पोरीनं डोळे उघडले ते आपल्या घरच्या उजेडात. तुझ्या आजोबांनी केलं, त्यांच्या आजोबांनी केलं, तेच काम तू केलंस. मोबाईलवर काय बोलायचं ते रविवारी बोल, आणि खरं बोल. पक्कड डिकीत ठेव. तो कागद ठेव तलवारीखाली. दोन्ही तिथंच राहू देत, वर्षातून एकदा पुसत जाऊ."