उचललेलं नाव

बहात्तरच्या दुष्काळात सीताबाईनं चोरी केली ती नावाची. धान्याची केली असती तर निदान पोटासाठी केली असं म्हणता आलं असतं.

घर गावच्या सोसायटीच्या चेअरमनचं. चेअरमन म्हणजे तिचे यजमान नानासाहेब. ते जनावरं घेऊन छावणीवर गेलेले. जाताना बजावून गेले होते, "आपल्या घरची बाई खडी फोडाया गेलेली मला चालायची न्हाई." बजावणं सोपं असतं, ते करून माणूस निघून जातो. घरात पीठ नाही हे कळायला चुलीपुढं बसावं लागतं. सीताबाईनं काही दिवस कळ काढली आणि एका सकाळी, गावातलं कुणी जात नाही अशा कळंबच्या रस्त्यावरच्या कामावर तोंडावर पदर ओढून उभी राहिली.

मुकादम धुळाप्पा हजेरीचं मस्टर घेऊन बसला होता. "नाव सांग. नवऱ्याचं बी सांग."

पुढच्या बाया लाजत होत्या. एकीच्या नवऱ्याचं नाव दुसरी सांगायची आणि सगळ्या खिदळायच्या. सीताबाई एकटी आलेली. तिच्या नवऱ्याचं नाव सांगायला शेजारीण नव्हती, आणि असती तरी तिला ते नकोच होतं. चेअरमनला तालुक्यात कोण ओळखत नाही? मागची बाई ढकलायला लागली, तसं तोंडात आलं ते तिनं बोलून टाकलं, "चांगुणा मच्छिंद्र ओव्हाळ."

परक्या नवऱ्याचं नाव किती सहज घेता येतं! चांगुणा तिच्याच रानात खुरपायला यायची. नवरा-बायको ऊसतोडीला लांब गेली होती, उन्हाळा लागेपर्यंत परतायची नव्हती. शेजारणीच्या अंगणात रिकामी पडलेली पाटी उचलावी, तसं सीताबाईनं ते नाव उचललं. नंतर ठेवू जागेवर, एवढाच विचार.

नावाबरोबर काय काय येतं ते दुपारी कळलं. पाणी वाढणाऱ्या बाईनं तांब्या तिच्या हाती दिला नाही. "ओव्हाळ ना तू? ओंजळ धर," म्हणाली आणि वरून धार सोडली. सीताबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मग तिला आठवलं, मळ्यात चांगुणाला आपण अशीच वरून धार सोडतो, आणि ती वाकून पिते. सीताबाईही वाकून प्याली. मनातून लाज वाटली तिला, खूप वाटली, पण दुसऱ्या दिवशी त्याच नावाला ती 'हजर' म्हणालीच. कामावर खायला मिळणारी सुकडी पदरात बांधून घरीही नेली.

त्या साली ऊसच वाळून गेला. कारखान्याचं धुराडं लवकर थंडावलं, टोळ्या माघारी आल्या, आणि एका सकाळी कडेवर पोर घेऊन चांगुणा कामावर येऊन उभी राहिली.

"चांगुणा मच्छिंद्र ओव्हाळ," तिनं सांगितलं.

धुळाप्पानं मान वर केली. "ह्या नावाची बाई कामावर हाय. दुसरीच्या नावावर मजुरी उचलाया आलीस व्हय? चोरटी कुठली! नीघ हितनं, न्हाई तर पोलिसात देतो."

"आवो, माझंच नाव हाय त्ये!" चांगुणा रडकुंडीला आली. ओळखीचं कुणी दिसतंय का म्हणून इकडंतिकडं बघायला लागली, तर खडीच्या ढिगाआड पदरात तोंड लपवून बसलेली सीताबाई दिसली. जिच्या रानात इतकी वर्षं राबलं, ती बाई पदराआडूनही ओळखू येते. चांगुणाचा चेहरा उजळला. "ह्या आमच्या गावच्या हायत. ह्यास्नी इचारा म्या कोण ते. वैनी, सांगा की!"

धुळाप्पा हसला. "हिला काय इचारायचं? हीच तर चांगुणा ओव्हाळ. काय गं, वळखतीस का हिला?"

सीताबाईनं मान हलवली. नाही.

चांगुणा भांडली असती, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं. तिनं सीताबाईकडं एकदा नीट पाहिलं, पोर दुसऱ्या कडेवर घेतलं आणि चालू लागली. सीताबाईला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. धरणीला दुष्काळानं जागोजाग भेगा पडल्या होत्या, पण ती काही घेत नव्हती.

"मुकादम!" सीताबाई उठली. तोंडावरचा पदर तिनं मागं सारला. "तिला माघारी बोलवा. चांगुणा तीच हाय. मी..." लग्न झाल्यापासून उखाण्यावाचून न घेतलेलं नाव तिनं चारचौघांत घेतलं. "मी सीताबाई नानासाहेब कवडे. चेअरमनच्या घरची. हिचं नाव मी चोरलं."

हातोड्या थांबल्या. आता शिव्या पडणार, म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

"अरारा! बाईसाहेब, तुमी?" धुळाप्पा हात जोडून उभा राहिला होता. "आदी सांगायचं न्हाई का? तुमास्नी उन्हात बसवलं असतं का आमी? या, सावलीत बसा. अगं ए, बाईसाहेबांना पाणी आण!" मग चांगुणाकडं वळून, "तू ये माघारी. बस तिकडं कडंला."

पाणीवाली तांब्या घेऊन धावत आली. सीताबाईनं तो घेतला नाही. परत आलेली चांगुणा हे सगळं बघत उभी होती.

"मुकादम," सीताबाई म्हणाली, "मघाशी तिला बोललात ते मला बोला."

"छ्या छ्या! तुमास्नी कसं बोलू? घरंदाज माणसं तुमी. अडचणीत व्हतं माणसाकडनं."

सीताबाईनं बायांकडं पाहिलं. बाया आपापल्या पुढ्यातल्या दगडांकडं बघायला लागल्या.

"त्ये न्हाईत बोलायचे, वैनी," चांगुणा म्हणाली. तिनं आवाज चढवला नव्हता. "म्या बोलते. चोरटी."

सीताबाईनं मान डोलावली. चांगुणानं पोर खाली बसवलं, हातोडी घेतली आणि कामाला लागली.